शरदिनीबाईंचा उजवा हात

काशीत बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत कुणालाही विचारा, दोन सायकलींची ती टक्कर कशी झाली हे तो रंगवून सांगेल. चूक कुणाची, एवढं मात्र विचारू नका. त्या बाबतीत गल्लीत सरळ दोन तट आहेत.

घडलं ते असं. गल्ल्या संपून रस्ता जरा मोकळा होतो, तिथं वळणावर पिंपळाखाली एक शेंदरी गणपती बसलेला आहे. गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सकाळी शरदिनीबाई भाजी घेऊन सायकलवरून घरी परतत होत्या. नोकरीभर त्या याच सायकलवरून प्राथमिक शाळेत शिकवायला गेल्या होत्या आणि निवृत्त झाल्यावरही त्यांनी सायकल सोडली नव्हती. समोरून वेणीमाधवराव येत होते. तेही निवृत्त, रेल्वेतले गार्ड. हँडलला दुधाची रिकामी किटली अडकवून निघालेले. गणपती दिसला तसा शरदिनीबाईंनी उजवा हात कपाळाला लावला आणि डोळे मिटले. त्याच क्षणी वेणीमाधवरावांनी दोन्ही हात हँडलवरून उचलले, जोडले आणि त्यांनीही डोळे मिटले.

पुढचं फक्त गणपतीनं पाहिलं.

"मी एक हात सोडला होता, एक!" शरदिनीबाई आजही ठणकावून सांगतात. "दुसऱ्या हातात सायकल माझ्या ताब्यात होती. तुम्ही दोन्ही सोडलेत, म्हणजे सायकल वाऱ्यावरच होती की!"

"अहो बाई, देवाला एका हातानं नमस्कार करतात का?" वेणीमाधवराव विचारतात. "तो काय ट्रॅफिकचा शिपाई आहे?"

त्या टकरीत बाईंचं उजव्या दंडाचं हाड खांद्यापाशी मोडलं. वेणीमाधवरावांचं डोकं फरशीवर आपटलं. डोक्याचे फोटो काढले, आत काही नव्हतं. (हे वाक्य शरदिनीबाई मुद्दाम इथंच थांबवून म्हणतात.) बाईंचा हात झोळीत बांधला, काही आठवड्यांनी झोळी सुटली, आणि भेटायला आलेली माणसं "चला, बरं झालं एकदाचं" म्हणून पेढा खाऊन गेली.

लोकांना वाटतं झोळी सुटली की दुखणं संपलं. बाईंचं खरं दुखणं झोळी सुटल्यावर सुरू झालं. हाड जुळलं होतं, पण सांधा आखडून बसला होता. उजवा हात छातीच्या वर जाईना. वेणी घालता येईना, पोलक्याची वरची बटणं लागेनात, उजव्या कुशीवर झोपता येईना. फळीवरचे डबे एकेक करून खाली उतरले आणि ओट्यावर दाटीवाटीनं राहू लागले. थंडी पडली की खांदा आतून ठणके. सायकल जिन्याखाली उभी राहिली. रस्त्यात पाठीमागून नुसती घंटी वाजली तरी बाई भिंतीला चिकटत.

वेणीमाधवरावांचं दुखणं आणखी विचित्र. मान वर केली, की त्यांना सगळी काशी फिरताना दिसे. कानाच्या आतले बारीक कण जागचे हललेत, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्यांना खाटेवर निजवून डोकं या बाजूला, त्या बाजूला वळवलं. "सुपात तांदूळ पाखडावेत तसं पाखडलं," वेणीमाधवराव म्हणाले. त्यानं चक्कर पुष्कळ कमी झाली, पण मधूनच परत येई, आणि भीती तर गेलीच नाही. तेव्हापासून ते वर म्हणून पाहत नसत. पतंग, घारी, गच्चीवरून हाका मारणारे शेजारी, सगळं ते खिशातला दाढीचा छोटा आरसा तळहातावर धरून त्यात बघत. गल्लीला आता त्याची सवय झाली होती.

बाईंना खांद्याच्या दुखण्यापेक्षाही एक गोष्ट जास्त लागली. ती म्हणजे कार्तिकातला दिवा.

काशीत कार्तिक महिनाभर आकाशदीप चढवतात. उंच बांबूच्या टोकाला कप्पी, कप्पीवरून दोरी, दोरीला वेताची टोपली आणि टोपलीत तेलाचा दिवा. गेलेल्या माणसांना वाट दिसावी म्हणून. बाईंच्या गच्चीवरही असा बांबू होता. लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना दोरी ओढायला शिकवली होती. हात डोक्याच्या वर नेऊन दोरी धरायची, एका दमात कमरेपर्यंत आणायची आणि सैल पडलेली दोरी भिंतीतल्या खालच्या कडीतून डाव्या हातानं ओढून धरायची. ओढ लांब हवी आणि संथ हवी. आखूड हिसके दिले की टोपली डोलते, तेल हिंदकळतं, वात बुडते आणि दिवा अर्ध्या वाटेत विझतो. बाईंचा दिवा कधी विझला नव्हता. सासूबाई गेल्या, मग यजमान गेले, त्यांच्यासाठी बाई दर कार्तिकात दिवा चढवत आल्या. टकरीच्या वर्षी मात्र हात झोळीतून नुकताच सुटलेला. शेजारच्या कुणीतरी हिसके देत दिवा चढवला आणि तो तीनदा विझला. बाई खाली खुर्चीत बसून बघत राहिल्या.

या वर्षी गणपतीत मुलगी पुण्याहून आली. निवेदिता तिचं नाव. बँकेत मोठ्या जागेवर आहे आणि आईच्या बाबतीत भारी हळवी. ओट्यावरची डब्यांची गर्दी पाहून तिनं विषय काढलाच.

"आई, आता पुरे. तू माझ्याकडे चल."

"आणि माझा वर्ग?"

वर्ग म्हणजे संध्याकाळचा, गच्चीवरचा. आसपासच्या मराठी घरांतली, रेल्वेतल्या आणि बँकेतल्या मंडळींची मुलं यायची. शाळेत हिंदी, रस्त्यावर हिंदी, खेळताना हिंदी. मराठी फक्त आईनं रागावण्यापुरती कानावर पडायची. बाई त्यांना गोष्टी सांगून, गाणी म्हणून, भांडायला लावून मराठी शिकवत.

"तू पडलीस ते मला दुसऱ्या दिवशी कळलं," निवेदिता म्हणाली. "रात्रभर तू दवाखान्यात होतीस आणि मी तिकडे सिनेमा बघत होते. पुन्हा असं झालं तर?"

बाईंनी ओट्यावरचा एक डबा उगाच सरकवला. मग म्हणाल्या, "कार्तिक लागेल त्या संध्याकाळी दिवा मी चढवून दाखवते. जमलं तर तू पुण्याचं नाव काढायचं नाहीस. नाही जमलं, तर दिवाळीत माझी पेटी भर."

निवेदिता बँकेतली. तिनं अटी घातल्या. "उजव्या हातानं ओढायचं. डाव्यानं ओढून मला फसवायचं नाही. डावा फक्त धरायला. दुसऱ्या कुणाचा हात दोरीला लागता कामा नये. आणि दिवा विझता कामा नये."

"मंजूर."

आरतीला आलेले वेणीमाधवराव दारातून ऐकत होते. ते म्हणाले, "बाई, सिग्नल बघून तरी गाडी सोडायची होतीत."

*

दुसऱ्या दिवशी बाई अंबिकाकडे गेल्या. अंबिका ही व्यायाम देऊन सांधे सुटे करणारी पोरगेलीशी डॉक्टरीण, पक्की बनारसी. चौकाजवळ तिची दोन खोल्यांची जागा होती. बाई महिना-दोन महिने तिच्याकडे जाऊन, मग कंटाळून थांबल्या होत्या.

"आ गईं मास्टरनीजी!" अंबिका हसली. "जो बच्चे बीच में स्कूल छोड़ देते हैं, उनका आप क्या करती हैं?"

"पुन्हा पहिल्यापासून घेते," बाई ओशाळून म्हणाल्या.

"तो मैं भी वही करूँगी."

मग पहिल्यापासून सुरू झालं. सकाळी गरम पाण्याचा शेक. वाकून हात लोंबता सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलवायचा. दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हातानं दुखऱ्या हाताला वर न्यायचं. आणि भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चढवायची. दुखायला लागेल तिथं थांबायचं, थोडं टिकायचं आणि उतरायचं.

शेवटचा व्यायाम बाईंनी वर्गातच नेला. गच्चीची एक भिंत त्यांनी फळ्यासारखी काळी रंगवून घेतलेली होती. टकरीनंतर त्या भिंतीच्या पायथ्याशीच लिहीत. आता त्यांनी ठरवलं, की दिवसाचा पहिला शब्द हात पोचेल तिथं लिहायचा, अगदी वर. पहिल्या दिवशी "आंबा" त्यांच्या छातीपाशी लिहिला गेला. काही दिवसांनी "विहीर" हनुवटीपाशी आली. मुलांना या खेळाची चटक लागली. वर्गात आल्या आल्या ती आधी शब्द किती वर गेलाय ते बघत, मग तो वाचत.

"बाई, आज 'कासव' ओठांपर्यंत आलं!" शार्दूल ओरडायचा. शार्दूल वर्गातला सर्वांत मोठा, म्हणजे दहा वर्षांचा, आणि सर्वांत वाह्यात.

"कासवच ते. हळूहळूच यायचं."

नवरात्र बसायच्या आधीच "मोर" नाकापर्यंत पोचला आणि बाईंना हुरूप आला. हुरूप आला की माणसाचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. एका दुपारी गच्चीवर कुणी नसताना त्यांनी टोपलीत अर्धी वीट ठेवली, दात-ओठ खाऊन उजवा हात डोक्यावर नेला आणि दोरी ओढली. एकदा ओढली, दोनदा ओढली. मुलगी येईपर्यंत दिवस थोडे, म्हणून पुन्हा ओढली. संध्याकाळी खांदा टम्म सुजला. दुसऱ्या दिवशी "पाऊस" हा शब्द त्यांच्या कमरेपाशी लिहिला गेला.

मुलं आली. भिंतीसमोर घोळका करून उभी राहिली.

"बाई, पाऊस एकदम खाली का पडला?" छोट्या गीतानं विचारलं. ती सहा वर्षांची, वर्गातली सर्वांत लहान.

शार्दूलला हसू आलं, पण बाईंचं तोंड बघून त्यानं ते गिळलं.

"मी घाई केली म्हणून," बाई म्हणाल्या. मुलांना थाप मारायची नाही, हा त्यांचा जुना नेम होता.

अंबिका तर सरळ रागावली. "मास्टरनीजी, एक दिन में बच्चे से पूरी बाराखड़ी रटवाती हैं क्या?"

"नाही."

"रोए तो डंडा मारती हैं?"

"छे! कधीच नाही."

"तो अपने हाथ पर काहे मारती हैं? वह भी बच्चा है. सीख रहा है."

बाई घरी येईपर्यंत ते वाक्य मनात घोळवत होत्या. आयुष्यभर त्यांनी किती मुलांची वाट पाहिली होती! एखाद्याला महिनाभर "ळ" म्हणता येत नसे, तर महिनाभर त्या "ळ"ची गाणी म्हणत. एकदाही त्यांच्या कपाळाला आठी पडली नव्हती. आणि स्वतःच्या खांद्यावर मात्र सावकारासारख्या धावून गेल्या होत्या. त्या रात्री त्यांनी उजवा हात उशीवर नीट ठेवला, त्यावरून डावा हात फिरवला आणि हळूच म्हणाल्या, "उद्या पुन्हा. सावकाश."

सूज उतरली. शब्द पुन्हा वर चढू लागला. पण कपाळापाशी येऊन तो अडला, तो अडलाच. "चिमणी" कपाळावर, "भोपळा" कपाळावर, "आगगाडी"ही कपाळावर.

अंबिकानं हात चारी दिशांनी तपासून पाहिला आणि या वेळी ती हसली नाही. "सच बताऊँ? शायद इतना ही रहेगा. थोड़ा-बहुत और खुले तो खुले. रोज का व्यायाम छोड़िएगा मत, नहीं तो इतना भी जाएगा."

कपाळापर्यंत. म्हणजे नमस्काराला पुरेल, पण दिव्याला पुरणार नाही. बाईंनी रिकामी टोपली ओढून पाहिली. कपाळापासून कमरेपर्यंतची ओढ आखूडच पडायची आणि टोपली प्रत्येक ओढीला डोलायची. त्यांनी तळापुरतं पाणी घातलेली वाटी टोपलीत ठेवली. वर पोचेपर्यंत वाटी कोरडी.

कार्तिक चार दिवसांवर आला होता.

त्या संध्याकाळी वर्ग सुटला तरी गीता घरी जाईना. तिला टोपली वर चढवायची होती.

"अगं, तुझा हात पोचायचा नाही."

"पोचतो."

"बरं, ओढ. पण हळू."

गीतानं कपाळापाशी दोरी धरली. तिचं कपाळ ते केवढंसं, बाईंच्या कमरेपाशी. तिथून ओढून ओढून किती ओढणार, असं बाई म्हणताहेत तोवर गीता दोरी धरून खाली बसली. चक्क उकिडवी बसली, गुडघे कानाशी नेऊन. दोरी तिच्यासोबत जमिनीपर्यंत आली आणि टोपली एका संथ ओढीत वर गेली. मग तिनं सैल पडलेली दोरी भिंतीतल्या खालच्या लोखंडी कडीतून दुसऱ्या हातानं ओढून घट्ट धरली, उभी राहिली, पुन्हा कपाळापाशी पकडली आणि पुन्हा बसली. टोपली जराही डोलली नाही.

"थांब," बाई म्हणाल्या. "पुन्हा कर बरं."

गीतानं पुन्हा केलं.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. मी छोटी आहे ना, मग वर नाही मिळत. तर मी खाली जाते."

बाई हसायला लागल्या. गच्चीच्या कठड्याला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. इतके दिवस त्या दोरीची लांबी वरच शोधत होत्या, आणि खाली जमिनीपर्यंत ती तशीच पडून होती! खांदा अडला होता, गुडघे कुठं अडले होते? गुडघे तर त्या टकरीतूनही धडधाकट सुटले होते. रोज गंगेवर जाऊन पायऱ्या चढणाऱ्या-उतरणाऱ्या बाईचे गुडघे ते.

त्यांनी दोरी कपाळापाशी धरली आणि पाण्यात बुडी मारावी तशा सावकाश खाली गेल्या. टोपली वर गेली. वाटीतलं पाणी वाटीतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंबिकाला हे करून दाखवलं. आता ओरडा बसणार, या तयारीनं त्या उभ्या होत्या. अंबिका आधी त्यांच्या गुडघ्यांकडे बघत राहिली, मग टाळी वाजवून म्हणाली, "किसने सिखाया?"

"माझ्या वर्गातल्या मुलीनं."

"उसको मेरे यहाँ भेज दीजिए, नौकरी दूँगी. जितना मिला है, उसी से पूरा काम निकाल लेना, इलाज और क्या होता है?" मग बोट उगारून म्हणाली, "बस, बीच में थक जाएँ तो रुकिएगा. जोर नहीं."

*

आपल्या पंचांगात अजून आश्विनच असतो, पण काशीचा कार्तिक कोजागिरीच्या दुसऱ्याच दिवशी लागतो. त्या संध्याकाळी बाईंच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. वर्गातली सगळी मुलं, त्यांच्या आया, अंबिका, आणि आदल्या दिवशी विमानानं आलेली निवेदिता. तिच्या हातात एक खोकं होतं.

"हे काय गं?"

"आकाशकंदील. बॅटरीवरचा. वारा आला तरी विझत नाही, रंग बदलतो. नाही जमलं तर वाईट वाटू नये म्हणून आणलाय."

"म्हणजे सामना सुरू व्हायच्या आधीच तू हरलेल्याचं बक्षीस घेऊन आलीस," बाई म्हणाल्या.

वेणीमाधवराव एका हातात जुनी हिरवी झेंडी आणि दुसऱ्या हातात दाढीचा आरसा घेऊन बांबूखाली उभे होते. "वर काय चाललंय ते मी सांगेन," त्यांनी जाहीर केलं. "तुम्ही बाई फक्त इंजिन."

"डोळे उघडे ठेवा म्हणजे झालं."

"तुम्ही हात सोडू नका म्हणजे झालं."

पलीकडे पंचगंगा घाटाच्या बाजूला दिवे चढायला लागले होते. बाईंनी वात नीट केली, दिवा लावला, टोपलीत ठेवला. दोरी कडीतून ओवून घेतली. उजवा हात वर गेला, कपाळाशी पोचला आणि थांबला. निवेदिताच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. एवढाच जातो हात, हे तिला दिसलं.

वेणीमाधवरावांनी हिरवी झेंडी हलवली.

बाई खाली बसल्या. अगदी सावकाश, पाठ ताठ ठेवून. टोपली जमिनीवरून उचलली गेली आणि संथपणे निघाली. डाव्या हातानं दोरी कडीतून घट्ट धरून त्या उठल्या, पुन्हा पकडलं, पुन्हा बसल्या.

"बाई तर गीतासारखं करताहेत!" शार्दूल ओरडला.

"तेवतोय!" आरशात बघत वेणीमाधवराव म्हणाले. "गाडी कठड्याच्या वर आली. तेवतोय!"

अर्ध्या बांबूवर गेल्यावर बाईंच्या खांद्यातून एक कळ गेली. त्या उठता उठता थांबल्या. दोरी डाव्या हातात कडीपाशी पक्की होती, पण उजवा हात कपाळाकडे न्यायला निघाला तो छातीपाशीच राहिला. टोपली वर अधांतरी लोंबत होती.

"आई," निवेदिता पुढं आली. तिचा हात आपोआप दोरीकडे गेला.

"निवेदिता!" वेणीमाधवराव गरजले. "सिग्नल लाल आहे!"

निवेदितानं हात मागं घेतला आणि दुसऱ्या हातानं तो धरून ठेवला. ती आईकडे बघत राहिली. तिला वाटलं, आई आता चिडेल, दात-ओठ खाईल, जोर लावेल. बाईंनी तसलं काही केलं नाही. वर्गात एखाद्या मुलाला शब्द आठवत नसला, की त्या जशा गप्प उभ्या राहत, चेहरा शांत, ओठांवर "येईल हं, येईल" असं काहीतरी, तशाच त्या उभ्या राहिल्या. फक्त या वेळी समोर त्यांचा स्वतःचा हात होता. त्यांनी तो लोंबता सोडला, लंबकासारखा थोडा हलवला, श्वास घेतला आणि वाट पाहिली.

मुलांना हे ओळखीचं होतं. कुणी घाई केली नाही. गीतानं तर शेजारच्या मुलाच्या तोंडावर बोट ठेवलं.

मग हात आपणहून निघाला. छाती, हनुवटी, नाक, कपाळ. बोटांनी दोरी धरली. बाई खाली बसल्या.

"सुटली गाडी!" वेणीमाधवराव ओरडले. "तेवतोय! बाई, तेवतोय! अजून थोडं. अजून. आला! टोकाला आला!"

एकच गलका झाला. मुलं नाचायला लागली, आया टाळ्या वाजवायला लागल्या, अंबिकानं तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. निवेदिता आईच्या गळ्यात पडायला धावली, पण मधेच थांबून तिनं वर बघितलं. काळ्या होत चाललेल्या आभाळात वेताच्या फटींतून दिव्याचा पिवळा ठिपका स्थिर दिसत होता.

"पुण्याचं नाव नाही काढणार," ती म्हणाली. "पण तू पडलीस, शिंकलीस, तरी मला त्याच दिवशी कळलं पाहिजे."

"मी कळवीन," वेणीमाधवराव म्हणाले. "या पडल्या, की बहुतेक मी शेजारीच पडलेला असतो."

"आणि तो कंदील?" शार्दूलनं खोक्याकडे बोट दाखवलं. "बाई, तो आम्हाला द्या ना! वर्गात लावू. रंग बदलतो म्हणे."

"घे. पण रंगांची नावं मराठीत सांगायची."

वेणीमाधवरावांनी आरसा खिशात ठेवला. झेंडी काखेत धरली. क्षणभर ते घुटमळले, मग एका हातानं भिंत घट्ट धरून त्यांनी मान इंचभर वर केली. मग आणखी थोडी. काशी फिरली नाही. निदान फार फिरली नाही. दिवा त्यांना आरशाशिवाय दिसला, आणि दिसला तसे त्यांनी भिंतीवरचा हात काढून दोन्ही हात जोडले.

बाईंना भरून आलं. सासूबाई, यजमान, सगळी माणसं त्या ठिपक्यापाशी येऊन उभी आहेत असं वाटलं. त्यांचे ओठ हलले आणि उजवा हात दोरी सोडून कपाळाकडे निघाला. डाव्याची पकडही सैल पडू लागली.

"बाई! दोरी!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, अगदी शुद्ध मराठीत.

बाईंनी दोरी दोन्ही हातांनी गच्च धरली, खाली बसून कडीला पक्की गाठ मारली आणि ती दोनदा ओढून पाहिली. मग त्या उभ्या राहिल्या. हात जोडले, कपाळाशी नेले, आणि डोळे टक्क उघडे ठेवून नमस्कार केला.